चिपवरचं नाव खरवडलेलं होतं

पाकीट उघडलं तेव्हाच दिसलं होतं. आठ पायांची इवलीशी मॉडचिप, आणि तिच्या पाठीवर जिथे कंपनीचं नाव नि नंबर असायला हवा तिथे बारीक पॉलिशपेपर मारल्याच्या रेघा. मी विक्रेत्याला विचारलं. उत्तर लगेच आलं: "ताई, आमचा कोड कोणी चोरू नये म्हणून घासतो. सगळेच घासतात." पटलं मला. खरं म्हणजे पटवून घ्यायचं होतं, कारण माझ्याकडे तीन अस्सल जपानी डिस्का कपाटात पडून होत्या आणि माझं प्लेस्टेशन, म्हणजे सोनीचं पहिल्या पिढीचं गेमयंत्र, युरोपी, एससीपीएच-५५०२ मॉडेलचं. ते त्या डिस्कांकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४ साली जपानात आलेल्या या यंत्राची डिस्क साधी सीडीच असते, पण तिच्या सुरुवातीच्या भागात ट्रॅक मुद्दाम किंचित नागमोडी कोरलेला असतो. त्या वळणांत चार अक्षरं दडलेली असतात. जपानी डिस्कवर एससीईआय, अमेरिकी डिस्कवर एससीईए, युरोपी डिस्कवर एससीईई. घरच्या सीडी-रायटरला ही वळणं कोरता येत नाहीत, म्हणून नक्कल चालत नाही. आणि अक्षरं परक्या प्रदेशाची निघाली तर अस्सल डिस्कही चालत नाही. मॉडचिप एवढंच करते, की ड्राइव्ह ती अक्षरं शोधत असताना मध्येच घुसून "हो हो, हीच ती" असं यंत्राच्या कानात सांगते. सेकंदाला २५० बिट या गोगलगायीच्या वेगाने. म्हणजे एक बिट ४ मिलिसेकंदांचा, आणि चार अक्षरांचे आगेमागचे बिट धरून ४४ बिट, जेमतेम १७६ मिलिसेकंद. एवढ्या कामाला कुठलाही चिल्लर मायक्रोकंट्रोलर पुरतो. नव्वदच्या दशकात त्यासाठी पीआयसी १२सी५०८ सर्रास वापरायचे. आता एटीटायनी ८५ वर फुकट, खुला कोड टाकून लोक घरी चिप बनवतात. (कायदा देशागणिक वेगळा आहे. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २००५ साली एका मॉडचिपवाल्याच्या बाजूने आणि सोनीच्या विरोधात निकाल दिला होता, पण तो तिथला. आपापलं बघून घ्यावं.)

तर विक्रेत्याचं म्हणणं असं: चिप एटीटायनी ८५, आत पीएसनी हा खुला कोड, पूर्ण स्टेल्थ (म्हणजे गेमला सुगावा न लागू देणारी), तिन्ही प्रदेश चालणार, वर जपानी गेमचे रंगही टीव्हीवर ठीक दिसणार. कोऱ्या चिपच्या कित्येक पट दाम. आपण कशाला प्रोग्रॅमर (चिपवर कोड चढवायचं यंत्र) शोधत बसा, असं म्हणून मी पैसे भरले.

रंगांच्या त्या थापेवरच मी थांबायला हवं होतं. युरोपी यंत्रात चित्राचं घड्याळ ५३.२० मेगाहर्ट्झचं, जपानी-अमेरिकी यंत्रात ५३.६९ चं. साध्या पिवळ्या केबलवर रंग बिघडतात ते या फरकामुळे, आणि मॉडचिप त्या घड्याळाला हातसुद्धा लावत नाही. त्यासाठी वेगळा ऑसिलेटर बसवावा लागतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी मनाशी म्हटलं, बिचारा विकणारा आहे, थोडं वाढवून बोलतोय.

सोबत जोडणीचा एक कागद होता. चार तारा: पिन १ ला साडेतीन व्होल्ट, पिन ८ ला ग्राउंड, मग डेटा (चिपची अक्षरं पाठवायची ओळ) आणि गेट (ड्राइव्हची खरी अक्षरं अडवायची ओळ). माझ्या यंत्राचा बोर्ड पीयू-१८, त्यावर जागा सापडायला अवघड नाहीत. पातळ तार, भरपूर फ्लक्स, सोल्डरचे चार डाग. झाकण लावून जपानी डिस्क घातली. पडद्यावर तीच जुनी विनवणी, प्लेस्टेशनची सीडी घाला.

विक्रेत्याला कळवलं. "ताई, चिप टेस्ट करूनच पाठवतो. तुमचं सोल्डरिंग बघा. फोटो पाठवा."

आता मागे वळून बघताना हे वाक्य मला फार हुशारीचं वाटतं. चिप चालली नाही तर दोष कुणाचा, हे ठरवायला एकच साक्षीदार असतो, माझा डाग. आणि हौशी माणसाचा डाग कधीच निर्दोष नसतो. मी फोटो पाठवला. त्याने त्यावर लाल गोल काढून परत पाठवला: "हा बघा, इथे कोल्ड जॉइंट आहे." म्हणजे नीट न धरलेला डाग. मीही भिंगातून बघितलं आणि मला तो कोल्ड जॉइंट दिसला! न दिसून काय करतो? मनात एकदा शंका पेरली की प्रत्येक डाग मळकट दिसायला लागतो.

पुन्हा डाग दिला. चालली नाही. "गेटची तार लांब झाली, कापा." कापली. "ग्राउंड दुसरीकडून घ्या." घेतलं. "तापमान वाढवा थोडं." वाढवलं. मध्ये दोन-दोन, तीन-तीन दिवस उत्तर नाही, मग एकदम गोड बोलणं, "काळजी करू नका ताई, चालू करूनच देणार." चौथ्या खेपेला डेटाचा तो तांदळाएवढा पॅड, म्हणजे तार जोडायचा तांब्याचा ठिपका, त्याच्या पट्टीसकट उचकटून तारेबरोबर वर आला. हातातलं सोल्डरिंग आयर्न ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. पंचवीस वर्षांहून जास्त जगलेला बोर्ड, आणि त्याची नस मी स्वतःच्या हाताने, एका अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून उपटली होती.

त्याचाही फोटो मी प्रामाणिकपणे पाठवला. त्यानंतर भाषा बदलली. "बोर्ड डॅमेज आहे. यात रिफंड बसत नाही." मी पैसे भरले त्या सेवेकडे तक्रार करायला गेले तर मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली. त्या सगळ्या तार-कापा-ग्राउंड-बदला कवायतीत ती मुदतच तर सरत होती. आता एवढं दिसतं. तेव्हा त्याने पुढे केलेला उपाय मला मेहेरबानी वाटला: निम्म्या पैशांत "नवीन व्हर्जन"ची चिप. नाहीतर अख्खं यंत्रच त्याच्याकडे पाठवा, तो बसवून देईल. यंत्र पाठवायला मन धजलं नाही. चिप मात्र घेतली. हो, घेतली!

उचकटलेल्या पॅडच्या जागी मी आयसीच्या पायापासून थेट ३० गेजची तार ओढली, वर निळ्या वार्निशचा थेंब टाकून तो सांधा पक्का केला. दुसरी चिप चालली. जपानी डिस्क सुरू झाली, रंग अर्थातच काळे-पांढरे, पण गेम चालू! आनंदाच्या भरात मी बोर्डाचा छान उजेडात फोटो काढून त्याला पाठवला आणि चक्क आभार मानले. म्हणजे पहिल्या वेळी खरंच माझंच सोल्डरिंग वाईट होतं, असं मी मान्यही करून टाकलं.

पुढच्या आठवड्यात तिसरी डिस्क लावली, १९९९ मधली. लोगो आला, आणि मग यंत्रात फेरफार झालेला असावा अशा अर्थाची जपानी सूचना दाखवून गेम जागच्या जागी थांबला. पुढच्या काळातल्या काही गेमांत ही मेख आहे. गेम ड्राइव्हकडे अशा वेळी बघतो जेव्हा ती चार अक्षरं येताच कामा नयेत. जुन्या पद्धतीची चिप वेड्यासारखी सतत बोलत असते, ती इथे पकडली जाते. स्टेल्थ चिप काम झालं की गप्प बसते. मी पैसे मोजले होते ते त्या गप्प बसण्याचे.

आता डोकं चालायला लागलं. पहिली चिप फेकली नव्हती. जोडणीचा कागदही होता. तो नीट वाचायला तेव्हा दोन मिनिटं लागली नसती: एटीटायनी ८५ ला वीज पिन ८ वर आणि ग्राउंड पिन ४ वर लागतं. कागदावर वीज पिन १ ला आणि ग्राउंड पिन ८ ला होतं. ही तर पीआयसीची मांडणी! शिवाय पीएसनीला सहा तारा लागतात, कारण कधी बोलायचं हे ठरवायला तो ड्राइव्हच्या एसक्यूसीके आणि सबक्यू या दोन ओळी ऐकत असतो. चार तारांच्या चिपला हा कानच नाही. थाप त्याने लेखी पाठवली होती, आणि मी ती समोर ठेवून डाग देत बसले होते.

मल्टिमीटर डायोड तपासायच्या खुणेवर लावला आणि पहिली चिप घेतली. वीज न देता, लाल प्रोब पिन ८ वर धरून काळा एकेका पिनला टेकवला. सगळीकडे साधारण ०.६ व्होल्ट. जिथे लाल ठेवल्यावर बाकीच्या सगळ्या पिना असं दाखवतात ती ग्राउंडची पिन. म्हणजे नाव घासलं तरी पाय खरं बोलतात, आणि ही तपासणी चिप सोल्डर करण्याआधी, कुठलंही महागडं यंत्र न घेता होते.

मग एका मैत्रिणीचा पिककिट प्रोग्रॅमर आणला. चिप यंत्रातून काढलेलीच होती, आणि ती काढूनच वाचायची, कारण वाचताना पिन ४ वर सुमारे १३ व्होल्ट जातात. ते बोर्डावर गेले तर उरलासुरला बोर्डही संपला. पिककिटने नाव सांगितलं, पीआयसी १२एफ६२९. आत १०२४ शब्दांची जागा, आणि प्रत्येक जागी ३एफएफएफ. कोरी! "कोड लॉक केलाय म्हणून तुम्हाला दिसत नाही" ही सबब तो देणार हे मला माहीत होतं, पण लॉक केलेल्या चिपमधून सगळीकडे शून्यं वाचली जातात, ३एफएफएफ नाही. त्याहून मजेची गोष्ट शेवटच्या जागेची. या चिपमध्ये तिथे कारखान्यातून अंतर्गत घड्याळाच्या जुळणीचा आकडा लिहिलेला येतो. तोही पुसलेला. म्हणजे कोणीतरी ही चिप सरसकट पुसली होती, तो आकडा जपण्याचीही तसदी न घेता. पायांवर ओघळलेलं जुनं कथिल होतंच. कुठल्यातरी मोडक्या वस्तूतून उपटलेला माल असणार.

दुसरी चिपही काढली. टेबलावर साडेतीन व्होल्ट देऊन डेटाच्या पिनला लॉजिक ॲनालायझर (ओळीवरचे बिट टिपून दाखवणारं उपकरण) जोडला, तर सपाट रेघ. अर्धा तास त्यात गेला. जुन्या पद्धतीची चिप शून्य पाठवताना ओळ खाली ओढते, पण एक पाठवताना नुसती सोडून देते. वर ओढायचं काम यंत्राचं असतं. १० किलोओहमचा रेझिस्टर लावून ओळ वर बांधली आणि ४ मिलिसेकंदांच्या पायऱ्या दिसायला लागल्या. एससीईई, एससीईए, एससीईआय, पुन्हा एससीईई. दहा मिनिटं तशीच ठेवली. एकदाही दम खाल्ला नाही तिने. कोणी ही तपासणी करणार असेल तर एक लक्षात असू दे: खरी पीएसनी चिप टेबलावर गप्पच राहील, कारण तिला ड्राइव्हचा आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे तिथे शांतता हा दोष नाही. पण विक्रेता स्टेल्थ म्हणतोय आणि चिप टेबलावर अखंड बडबडतेय, तर मग उत्तर मिळालं.

हे सगळे स्क्रीनशॉट मी त्याला पाठवले. त्याने वाचले, आणि मला ब्लॉक केलं.

शेवटी सुटे भाग विकणाऱ्याकडून कोऱ्या एटीटायनी ८५ घेतल्या, पाठीवर नाव स्वच्छ छापलेल्या, आणि एका जुन्या आर्डुइनोलाच (हौशी लोकांचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) प्रोग्रॅमर करून कोड चढवला. पहिली खेप त्यातही फसलीच, कारण ही चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर येते. फ्यूज (चिपच्या आतली सेटिंग) बदलून ८ वर आणली नाही तर ४ मिलिसेकंदांचा बिट ३२ चा होतो आणि यंत्राला काही उमगत नाही. पण ते कळायला एक संध्याकाळ पुरली, आणि कोणी माझ्या डागांवर लाल गोल काढला नाही. सहा तारा, तिसरी डिस्क, गेम सुरू.

परवा मैत्रिणीने त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दाखवली. "समाधानी ग्राहकाचं काम" म्हणून खाली पीयू-१८ बोर्डाचा एक फोटो आहे, छान उजेडात काढलेला. उजव्या कोपऱ्यात पॅड नसलेली जागा, आयसीच्या पायापासून ओढलेली बारीक तार, आणि तिच्यावर निळ्या वार्निशचा एक थेंब.