वाडीतला 'कुटुंब आणि आरोग्य' वर्ग: सहा महिने पुरे केल्यावर

आमच्या बचत गटाने वाडीत घेतलेला हा वर्ग परवा संपला. दर बुधवारी दुपारी तीनला, सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर. घरटी फी 100 रुपये. खालच्या वाडीतल्या बायका विचारतायत, आम्ही घ्यावा का? म्हणून लिहिते.

शिकवणाऱ्या ताई नर्स आहेत. पद्धत झिम्बाब्वेची. तिथे मकोनी जिल्ह्यातल्या खेड्यांत 1995 साली आरोग्य मंडळं सुरू झाली: प्रत्येकीकडे कार्ड, आठवड्याला एक विषय, आणि शिकलेलं घरी करून दाखवायचं. आमच्याकडेही 'हात धुवा' एवढं सांगून ताई थांबल्या नाहीत. पुढच्या बुधवारी घरोघर फिरल्या, संडासाशेजारी टिपी टॅप दिसला तरच कार्डावर सही. पाच लिटरचा कॅन दोरीला टांगलेला, काठी पायाने दाबली की बारीक धार. खरकटा-घाण हात कशालाच लावावा लागत नाही, आणि पाणी अगदी थोडं लागतं. वैशाखात आमची विहीर तळाला जाते, तेव्हा याची किंमत कळली. साबण कावळ्याने दोनदा नेला, मग वर करवंटी उपडी बांधली.

पण फीचं खरं मोल झालं ते शिमग्यात. चाकरमानी आलेले. पालखी सहाणेवरून पुढे गेली आणि दुसऱ्या दिवशी तिथेच ताईंनी नवरा-बायकोंना एकत्र बसवलं. आधी आफ्रिकेतल्या लेसोथो या देशाबद्दल सांगितलं. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जायचे. शेत, मुलं, म्हातारी माणसं सगळं बायकांच्या अंगावर. ऐकताना आम्ही एकमेकींकडे बघत होतो. मग ताईंनी विचारलं, दुसरं मूल कधी, हे तुमच्या घरात कोण ठरवतं? बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी आमचे मोठे भाऊजी म्हणाले, "आम्ही कधी विचारलंच नाही." माझ्या लग्नाला 19 वर्षं झाली. या विषयावर घरातल्या पुरुषाचा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

असं बसणं एकदाच झालं, ही माझी मोठी तक्रार. दुसरी वेळेची. मार्चमध्ये काजू, मग आंबा. दुपारी तीनला अर्ध्या बायका बागेत. त्यांची कार्डं अर्धवट राहिली, त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि लेप्टोच्या तापावर एक शब्द नाही! त्याचा जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो, पायाच्या भेगेतून अंगात शिरतो, आणि आम्ही लावणीला अनवाणी चिखलात असतो. तो विषय आमच्याकडे पहिल्या महिन्यात हवा.

खालच्या वाडीने वर्ग जरूर घ्यावा. फक्त ताईंशी आधीच बोलून ठेवा: वेळ दिवेलागणीनंतरची, लेप्टो पावसाआधी, आणि नवऱ्यांना घेऊन बसायचं ते शिमग्यात एकदा, गणपतीत पुन्हा.