रुसव्याफुगव्याचे शब्द शोधायला मोल्सवर्थ: नागपूरकरांसाठी परीक्षण

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) फुकट चाळता येतो. रुसव्याफुगव्याच्या शब्दांसाठी तो कामाचा आहे, पण वापरायची खुबी हवी.

पहिली अडचण जुन्या लेखनाची. आजचं ‘रुसणे’ तिथे ‘रुसणें’ असतं. शब्द सापडला नाही तर शेवटी अनुस्वार द्या, तरीही नाही तर ऱ्हस्वदीर्घ बदला. दुसरी चूक नागपूरकर हमखास करतात: ‘फुगून रायला’ जसंच्या तसं टाकतात. यातलं ‘रायला’ सहायक क्रियापद. ते काढा आणि ‘फुगणें’ शोधा.

अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळे छटा थोड्या बोथट होतात. रुसणाऱ्याला कुणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं. फुगणं आधी गालांवर दिसतं. फुरंगटण्यात लटकेपणा जास्त, म्हणून ते लहान मुलांना आणि नव्या नवरीला शोभतं. तुसडा आणि तिरसट हे मात्र स्वभाव. सावजीचा रस्सा खाऊ घातला तरी उतरत नाहीत. घुम्याचं तर बोलूच नका, तोही बोलत नाही.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीसाठी या कोशावर भिस्त ठेवू नका. पहिली आवृत्ती १८३१ची, मुंबई इलाख्यात तयार झालेली. नागपुरात तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. ‘काहून फुगून बसला बे?’ यातला ‘बे’ किती प्रेमाचा नि किती रागाचा, हे नागपूरच्या महाल भागातल्या चहाटपरीवरच नीट कळतं.