ओथब्रिंगर: नाइट ड्यूटीत भेटलेला गोड म्हातारा राजा

भाच्याने पुस्तक हातात दिलं तेव्हा म्हणाला, "मावशी, यातला म्हातारा राजा तुला आवडंल बघ. त्यानं गरिबांसाठी दवाखाने काढलेत." मी चोवीस वर्षं कोल्हापुरात स्टाफ नर्स आहे, म्हणून म्हणाला असेल. वाचून संपल्यावर मी त्याला फोन केला आणि पहिली दहा मिनिटं नुसती भांडले.

पुस्तक म्हणजे ब्रँडन सँडरसन यांचं 'ओथब्रिंगर'. स्टॉर्मलाइट या कल्पित जगातल्या मालिकेतला हा तिसरा भाग, २०१७ सालचा. आधीचे दोन २०१० आणि २०१४ मधले. ते वाचल्याशिवाय याला हात लावू नका, काही अर्थ लागणार नाही. आणि मी इथं राजाबद्दल सगळं सांगणार आहे. ज्यांना कथानक आधी कळलेलं चालत नाही, त्यांनी वाचून झाल्यावर परत या.

राजाचं नाव टॅरावँजियन. खारब्रांथ नावाच्या छोट्या शहराचा राजा. घंटांचं शहर म्हणतात त्याला. पहिल्या पुस्तकात तो दिसतो तो असा, की आपल्या गल्लीत कट्ट्यावर बसणारे एखादे आजोबाच. बोलायला संथ, स्वभावाने गोड, नात दरडीमागे अडकली म्हणून कासावीस झालेला. दरबारी त्याला मंदबुद्धी समजतात आणि तोही समजू देतो. त्याने मोफत दवाखाने काढलेत, दारात आलेल्या कुणालाही परत पाठवत नाहीत.

मग त्या दवाखान्याच्या आतल्या खोल्या उघडतात. तिथे मरायला टेकलेल्या माणसांच्या शिरा उघडून त्यांचं रक्त सावकाश काढून घेतात. शेजारी लिहिणाऱ्या बायका बसलेल्या. का, तर या जगात मरताना काही माणसांच्या तोंडून पुढे होणाऱ्या गोष्टी निघतात, आणि राजाला ती शेवटची वाक्यं हवी आहेत. येणाऱ्या युद्धाची तयारी म्हणून. सुरुवात असाध्य रोग्यांपासून झाली. नंतर ज्यांची चौकशी करायला कुणी येणार नाही, अशी माणसंही तिथे पोचली.

हे पान मी पहाटे चारला वाचलं. वॉर्ड शांत होता, बाहेरच्या टपरीवरचा चहा नुकताच आला होता. तो गार झाला.

शेवटची वाक्यं मी बरीच ऐकली आहेत. एक आजोबा होते, गंगावेशीत म्हशीचं दूध घालणारे. शेवटच्या रात्री त्यांनी माझं मनगट धरून विचारलं, "धार काढली का?" मी म्हणाले, "काढली, आजोबा." "दोन्हींची?" "दोन्हींची." मग मनगट सोडलं. त्यांच्या चार्टवर मी फक्त वेळ लिहिली. ते वाक्य कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, म्हणूनच ते पूर्णपणे त्यांचं होतं. टॅरावँजियनच्या खोलीत त्या वहीवाल्या बाईने 'निरुपयोगी' म्हणून ते सोडून दिलं असतं आणि पुढच्या खाटेकडे वळली असती. माझा राग तिथे सुरू झाला आणि पुस्तकभर राहिला. लेखकाचं हे मोठं यश आहे, असं मी मनापासून म्हणते.

आता मुख्य गोष्ट, आघाडीची. तिसऱ्या पुस्तकात जगावर युद्ध आलेलं आहे आणि दालिनार नावाचा एकेकाळचा रक्तपिपासू सरदार सगळ्या राज्यांना एकत्र आणायला धडपडतोय. कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, कारण त्याचा इतिहासच तसा. थायलेनाची राणी फेन त्याला दारात उभं करत नाही, अझीरचे लोक कागदपत्रं मागतात. आणि लगेच 'हो' म्हणून सर्वांत आधी येतो कोण? आपले आजोबा. आता ते जाह केवेद या दुसऱ्या राज्याचेही राजे झालेत, आणि ते सिंहासन त्यांना कसं मिळालं हे दालिनारला माहीत नाही. दालिनारला मारायला मारेकरी पाठवणाराही हाच, हेही नाही. शेजारी बसून तो त्याला धीर देतो, त्याच्याशी चांगल्या-वाईटावर तासन्‌तास बोलतो. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी इतकं सावकाश, इतकं प्रेमाने केलेलं दुसरीकडे वाचलेलं नाही.

तो फारसं खोटं बोलतच नाही. दालिनारने सांगायचं राहून गेलेलं जे खरं आहे, तेच तो नेमक्या वाईट वेळी सगळ्यांसमोर येऊ देतो. आघाडी फोडायला एवढं पुरतं. मला शल्य आठवला. कर्णाचा सारथी होऊन रथ नीट हाकला त्याने, पण ऐन युद्धात त्याचा तेजोभंग करत राहिला. फरक इतकाच, की शल्याने निदान युधिष्ठिराला शब्द दिला होता. टॅरावँजियनचा शब्द त्याच्या स्वतःच्या आराखड्याला आहे.

हा आराखडा या पुस्तकातली सगळ्यात जबरदस्त कल्पना. राजाची बुद्धी रोज वेगळी असते. सकाळी उठला की त्याची माणसं परीक्षा घेतात, आज किती हुशार आहे ते बघतात आणि मग त्याला राज्यकारभार करू द्यायचा की नाही ते ठरवतात. बुद्धी वाढली की माया आटते. माया दाटली की बुद्धी जाते. आयुष्यातल्या सर्वांत हुशार दिवशी त्याने खोलीच्या भिंतींवर, छतावर, जमिनीच्या फळ्यांवर, खिडकीच्या चौकटीवर जग वाचवायची योजना लिहून काढली. आता रोजचा साधा माणूस त्या एका दिवसाच्या माणसाची आज्ञा पाळतो. ज्या दिवशी तो भोळा असतो त्या दिवशी स्वतःच्याच कृत्यांनी रडतो, आणि तरी थांबत नाही. ही पानं मी तीनदा वाचली.

भाचा म्हणतो, "मावशी, पण त्याचं गणित बरोबर आहे. सगळे वाचणार नसतील तर थोडे तरी वाचवायचे. तुम्ही पण तेच करता की."

यावरूनच आमचं भांडण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, हायवे बंद, पेशंट हलवायला बोट मिळेल तेव्हा मिळेल. आधी कोण, हे आम्हीही ठरवलं. पण फळ्यावर लिहून ठरवलं. डॉक्टर, आम्ही दोघी सिस्टर, समोर नातेवाईक उभे. डायलिसिसवाले आधी, बाळंतीण आधी. एका पेशंटच्या मुलाने मला आईवरून शिवी दिली. मी ऐकून घेतली, कारण त्याला कळलं होतं की त्याचे वडील तिसऱ्या फेरीत का आहेत, आणि फळा त्याच्या डोळ्यांसमोर होता. टॅरावँजियनचा फळा बंद खोलीत आहे. यादीतल्या माणसाला तो ओठांवर हसू ठेवून विचारतो, "बरे आहात ना?" गणित एकच असेल, पण ही दोन कामं एक नाहीत.

शेवटी शत्रू, ओडियम, स्वतः त्याच्यासमोर येतो आणि दाखवतो की तुझा तो आराखडा किती तोकडा आहे. म्हातारा सौदा करतो. त्याला मिळतं फक्त खारब्रांथ: त्या शहरात जन्मलेले लोक आणि त्यांचे नवरे-बायका. बाकी जग गेलं. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. माझं माहेर कुरुंदवाड. त्या पुरात गावाला चारी बाजूंनी पाणी होतं, दोन दिवस आईचा फोन लागत नव्हता आणि मी इथे ड्यूटीवर होते. त्या सौद्यात कोल्हापूरची सून म्हणून मी वाचले असते. आई नाही.

पुस्तकाच्या उणिवाही सांगते. बाराशेच्या वर पानं, आणि मधला मण्यांच्या समुद्रावरचा प्रवास फारच लांबतो. तिथे माझे चार दिवस गेले आणि राजा कुठेच नाही. नावं लक्षात ठेवायला मी ड्यूटीच्या डायरीत मागच्या पानावर यादी केली, तुम्हीही करा. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, तरी इंग्रजी जड गेलं नाही. वाक्यं छोटी आणि सरळ आहेत, फक्त त्या जगातले शब्द अंगवळणी पडायला पहिलं पुस्तक निम्मं जातं. पेपरबॅक दोन भागांत येते. मागवताना दोन्ही भाग टाकलेत ना ते तपासा, कारण भाच्याला ऑनलाइन दुकानाने आधी दुसरा भागच दोनदा पाठवला आणि बदलून यायला तीन आठवडे लागले. अक्षर बारीक आहे, वॉर्डातल्या टेबललॅम्पखाली डोळे दुखतात. पहिल्या भागाची शिवण मध्यावर सुटली. मी सर्जिकल टेपने चिकटवली, ती टिकली आहे.

चौथा भाग २०२० मध्ये आणि पाचवा डिसेंबर २०२४ मध्ये आलाय. चौथा मागवलाय. भाच्याला बजावून ठेवलंय, म्हाताऱ्याचं पुढे काय होतं ते मला एका शब्दानेही सांगायचं नाही. ओथब्रिंगरचा पहिला भाग सध्या नाइटच्या नव्या सिस्टरकडे आहे. काल हँडओव्हर देताना ती म्हणाली, "ताई, राजा किती गोड आहे हो." मी काही बोलले नाही.