फोंड्यातला रविवारचा नेट क्लास: पहिल्या पेपरला पैसे वसूल, दुसऱ्याला नाहीत

क्लासचं नाव लिहीत नाही. गोवा केवढासा, सर उद्या बसस्टँडवर भेटायचे. फोंड्यात रविवारी सकाळी भरतो, समाजशास्त्राच्या मुलांना नेट-सेट (कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षा) आणि पुढच्या नोकरीची तयारी करून देतो, एवढं पुरे.

मी डिचोलीची, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला. चौथं वर्ष करावं, की तीनवर थांबून एम.ए. किंवा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) धरावं, हे ठरत नव्हतं. फी सात हजार, दोन हप्त्यांत. त्या पैशांत पहिलं उपयोगी काम झालं ते पहिल्याच तासाला. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर नेट देऊन थेट पीएचडीला जाता येतं, ही सोय २०२४ पासून झाली आहे. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी मात्र एम.ए. हवंच. सरांनी हे फळ्यावर दोन रकान्यांत मांडलं आणि निम्म्या वर्गाने त्याचे फोटो काढले.

नेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न, १०० गुण. हा पेपर सगळ्या विषयांना सारखाच, आणि आम्ही समाजशास्त्रवाले त्यातल्या आकडेमोडीला घाबरतो. सरांची खरी ताकद इथे दिसते. तक्ता दिला की आधी प्रश्न वाचायचा, मग तक्ता. टक्केवारीत नेमका आधार कोणत्या वर्षाचा, त्याला गोल करायचा. भारतीय तर्कशास्त्राचा भाग तर त्यांनी असा शिकवला की प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, पाठ करावी लागली नाहीत. डोंगरावर धूर दिसतो म्हणून आग आहे, हे ठीक. पण तो धूर नसून पावसाळ्यातलं धुकं असेल तर चूक नेमकी कुठे झाली? केरी-चोर्ल्याच्या घाटातून येणारी दोन मुलं वर्गात होती, त्यांनीच उत्तर दिलं. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हेही सर सारखं बजावतात.

दुसरा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. म्हणजे खरं वजन इथे. आणि इथेच क्लास ढेपाळतो. स्लाइडवर नाव, पुस्तक, साल, पुढची स्लाइड. जोड्या लावा आणि कालक्रम लावा हे प्रश्न येतात हे मान्य, पण कालक्रम डोक्यात राहायला काहीतरी धागा लागतो ना? मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिसने सुरू केला, १९२४ मध्ये गो. स. घुर्ये त्याचे प्रमुख झाले. स्लाइड संपली. घुर्ये जन्मले मालवणात, १८९३ मध्ये. त्याच सिंधुदुर्गातल्या बांद्यावरून येणाऱ्या मुलीला तरी ते सांगायचं!

इरावती कर्वेंच्या तासाला तर मला राहवलं नाही. त्यांच्या १९५३ च्या पुस्तकातले नातेव्यवस्थेचे चार विभाग, उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व, वाचून झाले. महाराष्ट्र मध्य विभागात, मामाच्या मुलीशी लग्न इथे चालतं, हेही वाचून झालं. माझ्या शेजारी पेडण्याचा एकजण बसतो, तो हळूच म्हणाला, ‘आमचे आई-बाबा मामे-आते भावंडंच की.’ मी ते मोठ्याने सांगितलं. मग गोव्यात कुठे चालतं, कुठल्या जातीत चालत नाही, आतेच्या मुलीशी का नाही, असे चार-पाच हात वर झाले. सर म्हणाले, ‘ते परीक्षेत विचारत नाहीत.’ आणि पुढची स्लाइड.

याच्या अगदी उलट, संशोधन पद्धतीचे तास घ्यायला एक मॅडम येत. त्यांनी स्लाइड लावलीच नाही. आमच्यातल्या एकाचा कॉलेजचा प्रकल्प गोव्यातल्या २०१८ च्या खाणबंदीनंतरच्या ट्रकमालकांवर आहे. त्याची प्रश्नावली त्यांनी मागून घेतली आणि एक प्रश्न फळ्यावर लिहिला: ‘खाण बंद झाल्यावर तुमचं उत्पन्न घटलं आणि मुलांचं शिक्षण थांबलं का?’ मग खडू ‘आणि’वर टेकवून विचारलं, उत्पन्न घटलं पण पोरगी शिकत राहिली, तो माणूस काय उत्तर देणार? दुसरं म्हणजे, ‘घटलं का’ विचारलं की समोरचा हो म्हणणारच. त्यापेक्षा तेव्हा महिन्याला किती फेऱ्या व्हायच्या आणि आता काय करता, हे विचारा. एका ट्रकवाल्याने दुसऱ्याचं नाव दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, तर तो स्नोबॉल नमुना झाला. त्यावरून सगळ्या डिचोली-साखळीबद्दल बोलू नका, बोललात तर अहवालात तसं नमूद करा. एनजीओ, सरकारी सर्वेक्षण, बाजारपेठ-संशोधन, कुठेही गेलात तरी हेच काम आहे, असं त्या म्हणाल्या. मला पटलं. असे तास फारच थोडे झाले, हीच माझी मोठी तक्रार.

‘करिअर मार्गदर्शन’ म्हणून जो जाहीर तास आहे, तो मनावर घेऊ नका. यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेतलं तर २५०-२५० गुणांचे दोन पेपर, इथवर ठीक. बाकी सगळं महाराष्ट्राची एमपीएससी! गोवा सरकारच्या जाहिरातीत १५ वर्षांचं वास्तव्य आणि कोंकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठी असल्यास बरी, हे कुणी उच्चारलंही नाही. उच्च माध्यमिकला समाजशास्त्र शिकवायचं तर एम.ए.बरोबर बी.एड. लागतं, तेही चहाच्या वेळी आम्हीच एकमेकांना सांगितलं.

नोट्स जाडजूड, स्पायरल बाइंडिंगच्या, पण छपाई फिकट. त्यापेक्षा ई-पीजी पाठशाळा या सरकारी संकेतस्थळावरचे समाजशास्त्राचे धडे फुकट आहेत आणि बरे आहेत. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं साहित्यही मिळतं. बसून वाचायला पणजीत पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहेच, १८३२ पासूनचं.

गणिताची धास्ती असेल तर जरूर जा. फक्त पहिल्या पेपरची फी वेगळी घेतात का ते विचारा. पत्रकावर छापलेलं नाही, पण विचारणाऱ्याला निम्म्यात देतात. आणि पैसे देण्याआधी मॅडमचे तास किती, ते लिहून घ्या.