इतवारीतलं प्रोजेक्ट मॉडेलवालं दुकान: काम भारी, पण समोर बसून करून घ्या

पोट्टा नववीत आहे, विज्ञान प्रदर्शनात सगळे ज्वालामुखी नाहीतर ठिबक सिंचन घेऊन येतात म्हणून यानं निवडलं काय, तर वाफ सोडून जमिनीतलं घट्ट तेल काढायचं मॉडेल. घरी जमणार नव्हतंच, मग इतवारीत एका गल्लीत वरच्या माळ्यावर मॉडेल बनवून देणारे भाऊ आहेत त्यांच्याकडे गेलो. साडेतीन सांगितले, तीन हजारात जमलं.

पहिलं मॉडेल खरं सांगू तर फालतू होतं. अ‍ॅक्रेलिकची टाकी, त्यात वाळू, वरून वापरलेलं इंजिन ऑइल ओतलेलं आणि दोन पाइप शेजारी शेजारी. आता इंजिन ऑइल तर वाफ न सोडताच गळून राहिलं, मग दाखवणार काय? हे वाफेचं तंत्र जिथे वापरतात त्या कॅनडातल्या अल्बर्टाचं तेल इतकं घट्ट की जमिनीत जागचं हलत नाही, डिसेंबरात आपल्याकडे खोबरेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही तसं. साधारण 75 मीटरच्या आत असेल तर वरची माती काढून खणून घेतात, पण तिथला 80 टक्के साठा त्याहून खोल आहे, म्हणून मग दोन आडव्या विहिरी, एकीच्या खाली दुसरी, मध्ये 5 मीटरच्या आसपास अंतर, वरचीतून वाफ सोडायची की तेल पातळ होऊन आपल्याच वजनानं खालचीत उतरतं. रॉजर बटलर नावाच्या इंजिनिअरची ही आयडिया. पाइप खाली-वर नसतील तर मॉडेलला अर्थच नाही न बे!

पण भाऊ ऐकून घेणारे निघाले, आणि खरे स्टार इथेच. व्हॅसलीन गरम करून त्यात काजळी मिसळायची, मग ते कन्हानच्या वाळूत कालवून थंड होऊ द्यायचं, ही युक्ती त्यांचीच. कुकरची वाफ सिलिकॉनच्या पाइपनं आत सोडली तर अ‍ॅक्रेलिक वाकलं, मग काचेची टाकी केली, तीही जास्तीचे पैसे न घेता. खालच्या पाइपातून आधी नुसतं पाणी आलं, पोट्ट्याचं तोंड पडलं, थोड्या वेळानं त्या पाण्यासोबत काळे तुपकट थेंब यायला लागले. खऱ्या विहिरीतही पाणी आणि तेल सोबतच येतं, वर वेगळं करतात.

एक स्टार कापला तो फ्लेक्ससाठी. त्यावर 'प्रदूषणमुक्त तंत्रज्ञान' छापून मोकळे! अरे, एक बॅरल तेलामागे दोन-तीन बॅरल पाण्याची वाफ लागते आणि ती करायला गॅस जाळतात, कशाचं प्रदूषणमुक्त? भारताच्या नकाशात समुद्रातलं बॉम्बे हाय दाखवलेलं, तिथलं तेल पातळ, त्याचा इथे काय संबंध. हवं होतं गुजरातेतलं मेहसाणा, तिथे बालोल आणि संथालला ओएनजीसी हवा सोडून जमिनीखालीच थोडं तेल जाळते आणि त्या उष्णतेनं बाकीचं मोकळं करते, नाहीतर राजस्थानातलं बाघेवाला, जिथे ऑइल इंडिया एकाच विहिरीत आधी वाफ भरते, काही दिवस थांबते आणि तिथूनच तेल उपसते. हे सगळं लिहून दिलं, तरी पुन्हा छापायचे वेगळे पैसे लावले, हे काही पटलं नाही.

फ्लेक्सचा मजकूर घरून टाइप करून न्या, आणि बाकीचे पैसे मॉडेल समोर चालवून पाहिल्यावरच द्या. गाडी खालीच लावा, गल्लीत वळत नाही.