कुडाळजवळची भाड्याची भट्टी : ओलं भांडं परत पाठवणारी

एप्रिल आणि मे असे दोन महिने मी कुडाळजवळच्या एका लहान स्टुडिओत चाक आणि भट्टी भाड्याने घेतली. सकाळी उजेड चांगला असेपर्यंत माझी चित्रं, दुपारी चाक, आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी चारला गावातल्या १४ मुलांचा वर्ग.

गेल्या वर्षी मुलांची भांडी दुसऱ्या एका ठिकाणी भाजायला दिली होती. ती पुरती सुकलेली नसताना भट्टीत गेली. मातीतल्या पाण्याची १०० अंशांना वाफ होते आणि तिला हळूहळू बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर भांडं आतून फुटतं. ११ भांडी फुटली. आपला कप न्यायला नाचत आलेल्या मुलांसमोर मी खापऱ्यांची पिशवी धरून उभी होते. म्हणून यंदा जागा शोधताना मी एकच गोष्ट पाहिली, वाळवण्याकडे तिथे कोण किती लक्ष देतं.

इथले काका प्रत्येक भांडं उचलून गालाला लावतात. गार लागलं की आत पाणी आहे. "अजून ओलां आसा. आज घालूचंय नाय," म्हणतात आणि भांडं फळीवर परत ठेवतात. जाड बुडाची भांडी तर ते रोज वजन काट्यावर ठेवून पाहतात. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की मगच भट्टीत. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावरची हवा इतकी दमट असते की आठवड्यात सुकेल असं वाटलेलं भांडं दहा-बारा दिवस घेतं. माझ्या स्वतःच्या मोठ्या बरणीला त्यांनी दोनदा नकार दिला. मला घाई होती, मी जरा चिडलेही. पण बरणी शाबूत बाहेर आली.

भट्टी विजेची आहे. ते ती संध्याकाळी सुरू करतात. रात्रभर झाकण किंचित उघडं, आच अगदी मंद. सकाळी झाकण बंद करून तापमान चढवत ९५० अंशांपर्यंत नेतात. ५७० अंशांच्या आसपास मातीतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांची रचना बदलते आणि त्यांचं आकारमानही, म्हणून तापताना आणि निवताना त्या टप्प्यावर ते घाई करत नाहीत. पुढचे दोन दिवस झाकणाला कुणी हात लावायचा नाही. मुलांना हे थांबणं फार जड गेलं. रोज येऊन भट्टीच्या भिंतीला लांबूनच हात दाखवायची आणि "निवली काय?" विचारायची.

या स्टुडिओतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मातीची. एका मुलाने घरामागची जांभ्याची लाल माती डब्यातून आणली आणि तिचा कप करायचा हट्ट धरला. त्या मातीत लोह भरपूर, पण चिकटपणा कमी. कप सुकतानाच तडकला. काकांनी ती माती फेकू दिली नाही. पाण्यात कालवली, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळली, निवळू दिली, आणि खाली बसलेला मऊ गाळ मुलांना रंग म्हणून दिला. मुलांनी त्याने आपल्या भांड्यांवर होड्या, माड, खेकडे काढले. भाजल्यावर ती रेघ कौलासारखी लाल झाली. थोडा गाळ मी घरी नेऊन सुकवला, डिंकाच्या पाण्यात खलला आणि यंदाच्या चार चित्रांत वापरला. ट्यूबमधला कुठलाच तांबडा रंग आमच्या सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, इतका जवळ जात नाही.

उणिवा आहेत. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, तीनच: पारदर्शक, पांढरं आणि हिरवं. निळं हवं असेल तर स्वतः न्या. पारदर्शक ग्लेझ शिसं नसलेलं आहे, हे मी पाकिटावर वाचून खात्री केली, कारण मुलं त्या कपातून दूध पिणार. चाकाच्या खोलीत पंखा आहे, पण हवा बाहेर जायची सोय नाही. सुरुवातीला तिथे कोरडा झाडू मारायचे. मातीची ती बारीक धूळ फुप्फुसांना वाईट, आणि मुलं तिथे जमिनीवर बसतात. मी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून काकी ओल्या फडक्याने पुसायला लागल्या. तरी खिडकीत बाहेर फेकणारा पंखा बसवायलाच हवा.

एका फळीची पहिली भाजणी ६०० रुपये, ग्लेझची ८००. मुलांच्या कामाला यातले निम्मेच घेतले, मी न मागता. १४ मुलांची ३१ भांडी दिली होती, ३० आली. एका हत्तीची सोंड माझ्याच हातून फळीवर ठेवताना मोडली.

जायचं असेल तर मार्चमध्येच विचारून ठेवा. मिरग लागला की भांडी सुकत नाहीत, आणि तेव्हापासून पाऊस सरेपर्यंत ते मुलांचं काम हातात घेत नाहीत. नेताना जुनी वर्तमानपत्रं आणि पेंढा सोबत असू द्या. गुंडाळायला तिथे काही मिळत नाही, आणि रिक्षाचा रस्ता खड्ड्यांचा आहे.