पोर्टेजमधले स्वतःचे सेट्स: सात महिन्यांच्या वापरानंतर

जेंटू या लिनक्स वितरणावर जुनी झालेली वर्ल्ड फाइल, म्हणजे तुम्ही स्वतः मागून बसवलेल्या पॅकेजेसची यादी, एकदा उघडून बघा. ओळींमागून ओळी, आणि बऱ्याच ओळींपुढे एकच प्रश्न: हे नेमकं कशासाठी टाकलं होतं? पॅकेजचं नाव कळतं, कारण कळत नाही. कारण माहीत नाही म्हणून काढायची हिंमत होत नाही, आणि फाइल फुगत जाते. यावर पोर्टेज या जेंटूच्या पॅकेज व्यवस्थापकात उपाय आहे, तो म्हणजे वापरकर्त्याने स्वतः बनवलेले सेट्स, अर्थात पॅकेजेसच्या नाव दिलेल्या याद्या. २००४ च्या ग्लेप २१ या जेंटू सुधारणा-प्रस्तावात ही कल्पना मांडली गेली होती. सात महिने सगळी निवड सेट्समधूनच चालवल्यावर स्पष्ट मत असं: सोय उत्तम आहे, पण याद्या कशा पाडायच्या हे आधी ठरवलं नाही तर वर्ल्ड फाइलचाच गोंधळ दहा फायलींत विखुरतो.

रचना अगदी साधी. /ईटीसी/पोर्टेज/सेट्स या डिरेक्टरीत एक टेक्स्ट फाइल करायची. फाइलचं नाव तेच सेटचं नाव. एका ओळीत एक पॅकेज, कॅटेगरीसकट: ॲप-एडिटर्स/विम. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टिप्पणी. ती स्वतंत्र ओळीवर आणि पॅकेजच्या वर लिहावी. दुसरा सेट आत घ्यायचा असेल तर त्याच्या नावाआधी ॲट-चिन्ह. इमर्ज या पोर्टेजच्या आज्ञेला ॲट-चिन्हासह सेटचं नाव दिलं की पॅकेजेस बसतात आणि सेटची नोंद /व्हार/लिब/पोर्टेजमधल्या वर्ल्ड-सेट्स फाइलीत होते. आतली पॅकेजेस वर्ल्ड फाइलीत एकेकटी जात नाहीत, आणि खरा फायदा तिथेच आहे. कुठले सेट्स उपलब्ध आहेत ते लिस्ट-सेट्स पर्याय दाखवतो.

आता याद्या पाडायच्या कशा? पहिल्या झटक्यात सगळे एडिटर, ब्राउझर, फॉन्ट असे प्रकारवार सेट करतात. तसं करू नका. प्रकार तर कॅटेगरीतच लिहिलेला असतो. सेट पाडायचा तो कामावरून: छपाई, ध्वनिसंपादन, अमुक प्रोजेक्टचं बिल्ड. कसोटी एकच. ते काम उद्या बंद झालं तर ही अख्खी फाइल डोळे मिटून काढता येईल का? येत असेल तर सेट बरोबर पाडलाय. डिपेंडन्सी म्हणून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला लागते म्हणून, आपोआप येणारी लायब्ररी यादीत लिहूच नये. पुढे मूळ प्रोग्रामला तिची गरज उरली नाही तरी तुमच्या ओळीमुळे ती बसून राहते.

आवृत्तीचा आकडाही सेटमध्ये नको. बरोबरचं चिन्ह लावून नेमकी आवृत्ती लिहिली आणि ती ट्रीमधून, म्हणजे जेंटूच्या पॅकेज-भांडारातून, गेली की अपडेटच्या वेळी तक्रार सुरू. नवी आवृत्ती रोखायची असेल तर त्यासाठी पॅकेज-मास्क आहे. स्लॉट, म्हणजे एकाच पॅकेजच्या शेजारी-शेजारी बसू शकणाऱ्या आवृत्त्या वेगळ्या ओळखणारी खूण, याची गोष्ट मात्र वेगळी, तो हवा तिथे लिहावाच. कर्नल सोर्सचं पॅकेज स्लॉटशिवाय लिहिलं तर डिपक्लीन, म्हणजे कशालाच न लागणारी पॅकेजेस काढणारा इमर्जचा पर्याय, सर्वांत नवा सोर्स ठेवून जुने काढायला घेतं. ज्या सोर्सवरून बांधलेला कर्नल सध्या चालू आहे तो राखायचा असेल तर त्याचा स्लॉट यादीत हवा.

जुन्या वर्ल्ड फाइलवरून येताना क्रम सांभाळा. आधी सेटची फाइल, मग नोरिप्लेस (आधीच बसलेलं पुन्हा बसवू नको) देऊन तो सेट निवडणं, आणि त्यानंतरच ती पॅकेजेस वर्ल्डमधून डिसिलेक्ट करणं, म्हणजे फक्त त्यांची नोंद काढणं. उलट केलं आणि मध्येच डिपक्लीन चालवलं तर पॅकेजेस पोरकी ठरून जातात.

सर्वांत जास्त डोकं खाणारी अडचण म्हणजे दुहेरी नोंद. एखादं पॅकेज बघावं म्हणून नुसतं इमर्ज केलं, आवडलं, सेटमध्ये लिहिलं. पण वर्ल्डमध्ये त्याची नोंद आधीच झालेली असते. महिन्यांनी सेटमधली ओळ खोडली तरी पॅकेज हलत नाही, आणि का हलत नाही ते लवकर लक्षात येत नाही. म्हणून चाचणीसाठी नेहमी वनशॉट, म्हणजे वर्ल्डमध्ये नोंद न करता बसवणारा पर्याय.

सेट काढताना अनमर्जला, म्हणजे थेट काढून टाकणाऱ्या पर्यायाला, हात लावू नका. ते डिपेंडन्सी तपासत नाही. दोन सेट्समध्ये सामाईक असलेलं पॅकेजही उचलून टाकतं. आधी सेट डिसिलेक्ट करा, मग वर्ल्डचं पूर्ण अपडेट, मग डिपक्लीन प्रिटेंडसह, म्हणजे काहीही न काढता नुसती यादी दाखवून. यादी शांतपणे वाचून झाली की खरं डिपक्लीन. फाइल खोडायची ती सगळ्यात शेवटी.

सेट फक्त नावं धरतो, यूज-फ्लॅग (पॅकेज बांधताना कुठल्या सोयी चालू-बंद ठेवायच्या ते) नाही. हे फ्लॅग जिथे लिहितात त्या पॅकेज-यूजची डिरेक्टरी करून तिच्यात सेटच्याच नावाची फाइल ठेवली की दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि एकत्र जातात. हे पोर्टेजने स्वतःहून करायला हवं होतं असं ठामपणे वाटतं.

एकापेक्षा जास्त मशीन असतील तर ही रचना फार शोभते. सेट्सची डिरेक्टरी गिटमध्ये, सगळीकडे सारखी. कुठल्या मशीनवर कुठले सेट लागू हे वर्ल्ड-सेट्समध्ये, ज्याचं त्याच्यापाशी. आर्च लिनक्सच्या पॅकमनमधल्या ग्रुपमध्ये हे साधत नाही, कारण ग्रुप बसवल्यानंतर त्यात नवं पॅकेज आलं तर ते आपोआप मशीनवर येत नाही. इथे सेटमध्ये ओळ वाढली की पुढच्या वर्ल्ड अपडेटला ते पॅकेज बसतं. अल्पाइन लिनक्सच्या एपीके या पॅकेज व्यवस्थापकातलं व्हर्च्युअल पॅकेज याच्या जवळ जातं: नाव देऊन गठ्ठा बसवायचा, त्याच नावाने काढायचा. तात्पुरत्या बिल्डसाठी ते जास्त सुटसुटीत आहे, पण कारण लिहून ठेवायला तिथे टिप्पणीची ओळ नाही.

एक उणीव जाणवत राहते. एकच पॅकेज किती सेट्समध्ये आहे हे पोर्टेज सरळ सांगत नाही. सेट्सच्या डिरेक्टरीवर आणि वर्ल्ड फाइलवर मिळून ग्रेप ही शोधाची आज्ञा चालवायची, ओळ काढण्याआधी दर वेळी.